पायाखालचा पत्रा

अरविंदचे पाय कधी मेले हे अरविंदलाही नीट सांगता आलं नसतं. हात मोडला तर दिवस आठवतो, दात पडला तर वार आठवतो. पाय मात्र हळूहळूच येईनासे झाले, जसा एखादा म्हातारा आधी बाजाराला यायचा बंद होतो, मग पारावर, मग ओटीवरसुद्धा दिसत नाही. आधी बोटं गेली, मग चवडा, मग टाच. पहिल्यांदा कळलं ते बिरवाडीच्या बाजारात. वांगी घेऊन घराच्या वाटेला लागला तर मागून एक पोरगी ओरडली, "काका, तुमची चप्पल!" बघतो तर डाव्या पायातली चप्पल सुकटीवालीच्या पाटीपाशी राहिलेली आणि हा तिच्याशिवायच खडीवरून पार पानटपरीपर्यंत आलेला.

"चिखलात रुतली होती," तो म्हणाला.

भर उन्हाळा होता. चिखल कुठं नव्हताच.

ही गोष्ट त्यानं कुणापाशी काढली नाही. साखर आहे हे घरात ठाऊक होतं. सकाळची गोळी आम्रपाली, त्याची बायको, स्वतः त्याच्या हातावर ठेवायची. पण पायांचं सांगितलं असतं तर तिनं आधी जीप बंद केली असती. आणि जीप तर तेव्हा अंगणात अर्धी कापून पडलेली.

जीप मूळची चंदूची. चंदू पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत राहणारा. पोलादपूर ते महाड वडाप मारण्यात त्याचा जन्म गेला. आत माणसं कोंबलेली, टपावर दोन बकऱ्या आणि मागं लटकलेला कुणाचा तरी मेव्हणा. गाडीच्या कागदांचं वय संपलं तेव्हा त्यानं ती घरामागं फणसाखाली लावली आणि तिच्यावर भोपळ्याचा वेल चढला. अरविंद एकदा त्याच्याकडं जेवायला गेला, तर वेल बाजूला सारून बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. जेवण निवलं तरी उठेना.

"काय बघतंस रे?" चंदू म्हणाला. "म्हातारीची नाडी?"

"चालंल ही."

"कुठं चालंल? हायवेला काढलीस तर दोघांनाबी आत बसवतील."

"हायवेला कशाला? तुझ्या वाडीवरच्या माळावर."

चंदू हसला. वाडीपासून माळावर जायला जेसीबीनं खरवडलेली एक वाट होती. पावसाच्या पाण्यानं तिचा ओहोळ झाला होता. बैलसुद्धा मध्यावर मुतून मागं फिरायचे.

"तिथं कोन चढवनार?"

"मी," अरविंद म्हणाला. "मीच बांधनार नि मीच चढवनार."

यामागं एक जुनी गोष्ट होती. अरविंद औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात फिटर होता. तिथला रिवाज असा, की पंप फिटरनं खोलायचा, बेअरिंग बदलायचं, सगळं जुळवून घट्ट करायचं आणि मग बाजूला व्हायचं. हिरवं बटण दाबणार ऑपरेटर. कपाळाला ग्रीस लावून घ्यायचं फिटरनं आणि मशीन गुरगुरायला लागलं की त्यावर हात ठेवून उभं राहायचं ऑपरेटरनं. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कामच तसं. पण नोकरीची सगळी वर्षं अरविंदनं जे जे चालू होण्याजोगं केलं, ते ते दुसऱ्यानं चालवलं. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, घड्याळ मिळालं, साहेबांनी भाषण केलं, शेजारचा रडलासुद्धा. अरविंदला काहीच वाटलं नाही. घरी येताना रिक्षात तो स्वतःला तपासत राहिला, आता वाटेल, मग वाटेल. काही नाही. आई गेली तेव्हाही असंच झालं होतं. पायांच्या आधी मन गेलं की मनाच्या आधी पाय, देव जाणे. ही एक इच्छा तेवढी मागं राहिली होती: एक गाडी आपण बांधायची आणि आपणच चढवायची.

म्हणून पाय लपवायचे होते.

जीप टेंपोवर घालून अरविंदच्या बौद्धवाडीत आली तेव्हा सगळी वाडी बघायला जमली. अरविंदनं आधी बॉडी उतरवली, मग चासीवरचा गंज तारेच्या घासणीनं खरवडला. कमानीचे पाटे एक्सलच्या खाली होते ते वर घेतले, त्यानं जीप वीतभर उंच झाली. इंजिन पडवीत ताडपत्रीवर उघडलं. माणसं जाता येता नमस्कार करावा तशी चौकशी करायची.

"जयभीम अरविंददादा, रनगाडा झाला का?"

"होतोय."

"कुनाशी लढाई हाय?"

टपाच्या जागी त्यानं जाड पाइपाचा पिंजरा वेल्ड केला, जीप उलटली तर माणूस वाचावा म्हणून. तो उभा राहिला त्या दिवशी आम्रपालीनं त्यावर धुणं वाळत घातलं. "दोन वर्सांत हे एक काम बरं केलंत," ती म्हणाली. ती अंगणवाडीत मदतनीस; दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचा गोंगाट ऐकून यायची आणि घरी ग्राइंडरचा. तिला जीपचा राग होता आणि तो ती लपवत नव्हती.

पेडल बसवले तसा अरविंद रोज संध्याकाळी इंजिन बंद असताना सीटवर जाऊन बसायचा. लोकांना वाटायचं, हौस. तो सराव करत असायचा. क्लचवर पाय ठेवलाय की क्लचशेजारी, हे त्याला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. म्हणून आधी खाली बघायचं, मग दाबायचं. हळूहळू त्यानं दुसरी युक्ती काढली. गुडघा अजून शाबूत होता. गुडघा किती वाकला यावरून क्लच कुठवर आला हे ओळखायचं. दोन महिन्यांत हे त्याला इतकं साधलं, की समोर बघून गाडी चालवता येईल याची खात्री झाली. खात्री झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो पाणी प्यायला आणि झोपला.

राहिला सायलेन्सरचा पाइप. खालून दगड लागला तर पाइप पहिला चेपतो, म्हणून त्यानं तो वर उचलून ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला जवळजवळ लावूनच नेला. पत्रा तापेल हे त्याला ठाऊक होतं. पाइपाला गुंडाळायला उष्णता अडवणारं जाड कापड त्यानं महाडवरून आणूनही ठेवलं होतं. पण आधी बघू तर खरं, किती तापतोय.

इंजिन सुरू करायच्या दिवशी चंदू आला, खिशात लिंबं घेऊन.

"नारळाचं राहू दे, तुमच्यात चालत नाय," तो म्हणाला. "पन लिंबू तरी ठेव रे चाकाखाली. माझी जुनी बाई हाय ती, तिला सवय हाय."

"लिंबू वैनीला दे. सरबत करील."

"सरबत मिळंल, साखर नाय मिळनार," आम्रपाली आतून म्हणाली. "एकाला चालत नाय म्हंजे कोनालाच नाय." आत बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्ती रोजचीच होती. जीपसाठी वेगळी लावायची नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

इंजिन आधी खोकलं, काळा धूर सोडला, बंद पडलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. चंदू टाळ्या वाजवत अंगणभर नाचला. अरविंद पाइप कुठं गळतोय का बघत होता. बराच वेळ इंजिन तसंच चालू ठेवून त्यानं पत्र्याचा ताप बघायचा ठरवला.

फिटर माणूस ताप हातानं बघतो. तळहात उलटा करून बेअरिंगला लावायचा, टिकला तर ठीक, झटकला तर मशीन बंद. तेल, आवाज, ताप, सगळं अंगानंच ओळखायचं, ही त्याची सवय. पण बाहेरून पिंजऱ्याच्या पाइपातून त्याचा हात पेडलांच्या खाली पोचेना आणि सीटवरून वाकावं तर स्टिअरिंग आड येई. म्हणून चप्पल काढून त्यानं पाय लावला. टाच पत्र्यावर ठेवली, दाबून धरली, वाट बघितली.

"गार हाय," तो चंदूला म्हणाला.

कापडाची गुंडाळी माळ्यावर गेली.

कुणी म्हणेल, इतका कसा विसरला? दुखरा पाय माणसाला दर पावलाला आपली आठवण देतो. ज्या पायाला काहीच होत नाही तो आठवायचा कसा? चपला राहून जाणं, तळव्यातला काटा बायकोच्या आधी आपण हुडकणं, हे त्यानं अंगवळणी पाडलं होतं. पण फिटरची सवय जुनी आणि पायांचं मरण नवं. जुनी सवय पुढं झाली, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घरामागच्या खाचरांत उतरवली. भात कापून झालेलं, जमीन वाळून टणक झालेली, मध्ये गुडघाभर उंचीचे बांध. माळाच्या आधी हे चढून बघायचे. अरविंदनं वडापवाल्यांसारखी चप्पल काढून ठेवली आणि सीटवर बसला. चंदू शेजारी. आम्रपाली बांधावर पदर खोचून उभी, चेहरा असा की पूर बघायला आलीय.

पहिला बांध जीपनं सहज घेतला. दुसऱ्यावर पुढचं चाक हवेत राहिलं, चंदूनं पिंजऱ्याला मिठी मारली, आणि तेवढ्यात चाक टेकून गाडी पलीकडं उतरली. "अरे वा रे माझ्या बाये!" चंदू ओरडला. अरविंद गुडघ्यानं क्लच ओळखत होता आणि तो बरोबर ओळखत होता. आपण चालवतोय, त्यानं स्वतःला सांगितलं. आपण बांधली आणि आपण चालवतोय. आता वाटेल काहीतरी. मघापासून कसला तरी वास येत होता. नवा रंग आहे, जळणारच, असं म्हणून त्यानं तिसऱ्या बांधाला गाडी लावली.

त्या धक्क्यानं पुढं ठेवलेला पाना घसरून अरविंदच्या पायांशी पडला. पेडलमध्ये अडकायला नको म्हणून चंदू वाकला, हात खाली घातला आणि किंचाळून मागं आला.

"आयला! तवा हाय का काय हा!" त्यानं बोटं तोंडात घातली. मग बोटं तोंडातच राहिली. तो अरविंदच्या टाचेकडं बघत होता. टाच त्याच पत्र्यावर नीट, आरामात टेकलेली आणि अरविंद गिअर बदलत होता.

"अरविंद. पाय काढ."

"काय?"

"पाय काढ रे! भाजत नाय तुला?"

"भाजतंय की," अरविंद म्हणाला. पण ते म्हणायला त्याला उशीर झाला होता.

चंदूनं हात घालून किल्ली फिरवली. जीप बांधावर अर्धी चढलेली तशीच थांबली. आम्रपाली चालत आली, पळत नाही. अरविंदचा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलला तेव्हा टाचेची कातडी पत्र्यावर राहिली.

"किती दिस झालं?" ती म्हणाली.

"काय किती दिस?"

"पायाला कळत नाय त्याला."

"आज जरा..."

"खोटं नाय बोलायचं. कातडं हाय तुमचं तिथं चिकटलेलं."

चंदू तोंड फिरवून उभा राहिला. अरविंदनं आपल्या टाचेकडं बघितलं. पांढरी, मध्ये लाल. दुसऱ्या कुणाचीतरी जखम दाखवावी तशी ती दिसत होती.

महाडच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, मग त्याला डोळे मिटायला सांगितले. "मी तळव्याला एक दोरा टेकवणार. कळलं की हो म्हणा." अरविंदनं डोळे मिटले. थोडा वेळ गेला की तो "हो" म्हणायचा, पुन्हा थोडा वेळ गेला की "हो". बरं चाललंय असं त्याला वाटलं. डोळे उघडले तर डॉक्टर खुर्चीत मागं टेकून बसलेले, दोरा टेबलावर, आणि आम्रपाली भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"मी अजून लावलाच नव्हता," डॉक्टर म्हणाले.

मुलगी प्रियदर्शिनी पनवेलला नर्स. तिचा रात्री फोन आला, आवाज पेशंटशी बोलावं तसा. "पप्पा, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळलं असतं तर मंग काय झालंच नसतं गो," तो म्हणाला. "मम्मीला द्या," ती म्हणाली.

गाडी चालवायची नाही हे कुणी वेगळं सांगायची गरजच राहिली नाही. किल्ली आम्रपालीनं पिठाच्या डब्यात ठेवली. ते अरविंदला माहीत होतं आणि त्यानं ती काढली नाही. दिवसाआड महाडला ड्रेसिंग. रिक्षातून जायचं, रिक्षातून यायचं. बँडेजनं बोळा झालेला पाय खुर्चीवर ठेवून ओटीवर बसायचं. अंगणात चंदूनं परत आणून लावलेली जीप. पिंजऱ्यावर धुणं, बॉनेटवर मिरच्या, मागच्या सीटखाली कोंबडी बसली अंड्यांवर, तीही कुणी उठवली नाही. संध्याकाळ झाली की आम्रपाली विचारायची, "जेवता का?" तो म्हणायचा, "वाढ." पोटभर जेवायचा. नुसता बसलेला असायचा, उदाससुद्धा नाही. त्याचंच तिला भय वाटायला लागलं. भाजलेलं बरं होताना दिसत होतं. हे दिसत नव्हतं.

जखम भरत आली तेव्हा चंदू आला. बराच वेळ पावसाच्या, भाताच्या गोष्टी करून मग मुद्द्यावर.

"मी काय म्हनतो, मी चालवतो. तू शेजारी बस. माळावर जाऊन येऊ एकदा."

"ने," अरविंद म्हणाला.

"ने म्हंजे? तू येतंस ना?"

"मी कशाला? ने. तुझीच होती. कायमची ने."

त्याच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. कुणी मीठ मागावं आणि बरणी पुढं करावी तसं. चंदू आम्रपालीकडं बघायला लागला. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"कोन नेनार नाय," ती सुपातून मान वर न करता म्हणाली.

"वैनी, मग काय, भोपळा चढवायचा परत तिच्यावर?"

"मी चालवीन."

चंदूला हसू आवरेना. "वैनी, क्लच कंचा नि ब्रेक कंचा, ठाव हाय का तुमाला?"

"नाय. शिकीन." तिनं सूप बाजूला ठेवलं. "डोक्यावर भारा घेऊन तेच बांध चढलेय मी लगीन होऊन आल्यापासनं. ह्यांनी बांधलीय गाडी. ह्यांचं पाय नसलं तर माझं हायत. तुमचं कशाला?"

"आगो पन तुला राग होता ना जीपचा," अरविंद म्हणाला.

"आजूनबी हाय."

ती आत गेली आणि पिठानं माखलेली किल्ली घेऊन आली.

आधी अरविंदनं माळ्यावरचं कापड काढायला लावून पाइपाला गुंडाळून घेतलं. चंदू जीपखाली आडवा, अरविंद वरून सांगणारा. इंजिन चालू ठेवून त्यानं आम्रपालीला बोलावलं. तिचा हात बारीक, पिंजऱ्यातून सहज आत गेला. "लाव पत्र्याला. काय हाय?"

"कोमट. भाकरी खाली उतरवल्यावर तवा असतो ना, त्याच्यानंतर जरा येळानं."

"बरं हाय."

मग चंदूनं जीप खाचरात उतरवली. चंदू बांधावर उकिडवा बसला, मजा बघायला. आम्रपालीनं साडी पोटरीपर्यंत वर खोचली, चप्पल काढली आणि सीटच्या अगदी टोकाला बसली. अरविंद शेजारच्या सीटवर, बँडेजवाला पाय बाहेर लोंबत सोडून.

"डावा पाय दाब. पूर्ण. आता गिअर मी टाकतो. आता डावा पाय सोड, पन सावकाश. सावकाश गो. सोडता सोडता मधेच एका जागी पायाला काहीतरी लागंल. ते लागलं की मला सांग."

"काय लागंल?"

"ते तूच सांगायचंस. मला काय म्हाईत आता?"

तिनं पाय सोडायला घेतला. ओठ दाबलेले, नजर समोरच्या बांधावर.

"हां," ती म्हणाली. "थरथरतंय. मांजर पायावर येऊन बसतं नि घुरघुरतं ना, तसं."

पाय शाबूत होते तोवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवताना अरविंदनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मांजर. बरोबर होतं. तसंच असायचं.

"तिथंच धर," तो म्हणाला. "आता उजवा. थोडा."

जीप हलली. आम्रपालीच्या तोंडून "आय्यो" निघालं आणि गाडी म्हातारीसारखी डुलत बांधापर्यंत गेली. बांधाला चाक टेकलं तशी ती घाबरली, दोन्ही पाय उचलले, इंजिन दणका देऊन बंद पडलं. अरविंदनं दांडा ओढून गिअर मोकळा केला. चंदू हसून हसून बांधावर लोळायचाच राहिला. तिनं किल्ली फिरवली, इंजिन लावलं, आणि अरविंदनं सांगायच्या आत स्वतःच गिअरचा दांडा धरून पुढं ढकलला. क्लच न दाबता. लोखंडावर लोखंड घासल्याचा असा कर्रकर्र आवाज झाला की अरविंदच्या दाढा दुखल्या.

"अगो क्लच!" तो ओरडला. "क्लच दाब आधी! दात खाल्लेस सगळं गिअरचं! ह्या हातांनी बसवलाय तो, एकेक दात बघून! डोकं हाय का काय हाय?"

चंदू हसायचा थांबला. पलीकडच्या खाचरात गवत कापणारी बाई उभी राहिली. अरविंदला स्वतःलाच आपला आवाज अनोळखी वाटला. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, छातीत धडधडत होतं, आणि राग खरा होता, अगदी खरा. आत्ता कुणी दोरा टेकवला असता तर अंगाच्या कुठल्याही जागी कळला असता असं वाटण्याइतका. फक्त पाय सोडून.

आम्रपाली त्याच्याकडं वळून बघत राहिली.

"ओरडता काय? लोक बघतात."

"बघू देत. गिअर बघ आधी. मोडला असता म्हंजे?"

"मोडला असता तर बसवला असता तुमी. आनि काय काम हाय तुमाला?" तिनं पदर पुन्हा खोचला. "सांगा आता. नीट सांगा. आधी काय दाबू?"

"क्लच," अरविंद अजून तणतणतच म्हणाला. "किती येळा सांगायचं? क्लच. पूर्ण. तळाला टेकेपर्यंत."

"टेकला."

"मंग टाक पहिला."